एक चमचा साखर

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात साकोली येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



मला आज बोलण्यासाठी बोलावले याबद्दल मी संस्थेचा आभारी आहे. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकविले. मोठी भाषणे करण्याची मला सवय नाही. खडू हातात असला म्हणजे मला धीर येतो. आज खडू नाही, म्हणून तुम्हीच सांभाळून घ्यावे.

माझा विषय आहे, आपल्या शरीरातील पेशी साखरेपासून शक्ती कशी मिळवितात. विषय ऐकून पालकांपैकी काहींना वाटले असेल की हा तर परीक्षेतला प्रश्न झाला, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. आमच्या घरात एकदा असा प्रसंग आला की या एका प्रश्नाच्या उत्तरावर एक जीव तरला. तो प्रसंग मी शेवटी सांगणार आहे. त्यापूर्वी थोडे विज्ञान समजून घेऊ, म्हणजे त्या दुपारी काय घडले ते नीट कळेल.

आपण भात खातो, पोळी खातो. भाताचा घास तोंडात बराच वेळ चावून पाहा, तो गोडसर लागू लागतो. भातातील पिष्टाचे लाळेमुळे साखरेत रूपांतर होऊ लागते. पुढे आतड्यात हे काम पूर्ण होते आणि ग्लुकोज नावाची साधी साखर रक्तात उतरते. तुमच्या माझ्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त आहे. त्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज किती असते? उपाशीपोटी शंभर मिलिलिटर रक्तात ७० ते १०० मिलिग्रॅम. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून चार-पाच ग्रॅम, चहाचा जेमतेम एक चमचा! या एका चमच्यावर आपला सारा संसार चालू असतो. तो चमचा सतत रिकामा होत असतो आणि सतत भरला जात असतो. भरण्याचे थांबले तर काय होते, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी आहेत. प्रत्येक पेशीला काम आहे आणि कामाला शक्ती हवी. आता चमचाभर साखर जळत्या निखाऱ्यावर टाकली तर ती भडकन पेट घेते आणि काळी पडते. शक्ती बाहेर पडते खरी, पण ती उष्णता होऊन क्षणात उडून जाते. पेशीत असा भडका उडाला तर पेशीच जळून जाईल. म्हणून पेशी साखर जाळते ती पायरीपायरीने. माडीवरून उडी मारणारा आणि जिन्याने उतरणारा, दोघेही जमिनीवरच येतात. पण उडी मारणाऱ्याचे पाय मोडतात, आणि जिन्याने उतरणारा प्रत्येक पायरीवर काहीतरी काम करून घेऊ शकतो.

या जिन्याच्या पहिल्या भागात दहा पायऱ्या आहेत. पुस्तकात याला ग्लायकोलायसिस किंवा ग्लुकोज-विघटन म्हणतात. ग्लुकोजमध्ये कार्बनचे सहा अणू असतात. दहा पायऱ्या उतरल्यावर त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. प्रत्येक पायरीवर एक वेगळा कारागीर बसलेला आहे. त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. एक कारागीर आपले काम करतो आणि वस्तू पुढच्याच्या हाती देतो. विड्या वळण्याच्या कामात एक पान कापतो, एक वळतो, एक बांधतो, तशी ही कामाची वाटणी आहे. विशेष म्हणजे या दहा पायऱ्यांना प्राणवायू लागत नाही. जमिनीतला साधा जंतू, नान फुगविणारे खमीर, धानाचे रोप, नागझिऱ्यातला वाघ आणि आपण, या साऱ्यांच्या पेशींत हा जिना जवळपास एकसारखाच आहे.

मग मिळते काय? येथे ए.टी.पी. हे नाव लक्षात ठेवावे. समजा, आठवडी बाजारात तुम्ही पाचशेची नोट घेऊन गेलात आणि दोन रुपयांची कोथिंबीर मागितली. दुकानदार म्हणेल, सुटे आणा. ग्लुकोज ही पाचशेची नोट आहे. पेशीच्या बाजारात ती चालत नाही. तेथे ए.टी.पी.ची चिल्लर चालते. स्नायू आखडायचा असो, मज्जातंतूतून संदेश जायचा असो, नवे प्रथिन बांधायचे असो, प्रत्येक कामाला ही चिल्लर मोजावी लागते. ही चिल्लर साठवून ठेवता येत नाही. अंगात एका वेळी ती थोडीच असते, परंतु ती इतक्या वेळा मोडते आणि पुन्हा जुळते की दिवसभरात वापरलेल्या ए.टी.पी.चे वजन केले तर ते साधारण आपल्या शरीराच्या वजनाइतके भरेल. ग्लुकोज-विघटनाच्या दहा पायऱ्यांत सुरुवातीला दोन ए.टी.पी. खर्ची पडतात आणि नंतर चार मिळतात. निव्वळ नफा दोनच.

हे सारे कळले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर नावाचा रसायनशास्त्रज्ञ खमीर वाटून त्याचा रस काढीत होता. तो रस औषधासाठी प्राण्यांवर वापरून पाहायचा होता. रस खराब होऊ नये म्हणून, जसा आपण मुरांबा टिकवितो, तशी त्यात भरपूर साखर घातली. पाहतात तो रसातून बुडबुडे निघू लागले! खमिराची एकही जिवंत पेशी नसताना साखर मोडू लागली होती. तोवर थोरथोर विद्वानांची समजूत अशी होती की हे काम जिवंत पेशीशिवाय होणेच शक्य नाही. बुखनरला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे एम्डेन, मायरहॉफ, पारनास आणि इतर अनेकांनी चाळीस वर्षे खपून या दहा पायऱ्या एकेक करून मोजल्या.

यात आपल्या देशातील एका माणसाचा मोठा वाटा आहे, आणि विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट खास तुमच्यासाठी. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म १८९५ साली आंध्रातील भीमावरम येथे झाला. घरची गरिबी. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात पास झाले. ऐन तारुण्यात त्यांचे दोन भाऊ पोटाच्या एका आजाराने गेले. ते डॉक्टरी शिकले आणि नंतर अमेरिकेत हार्वर्ड येथे गेले. तेथे सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी १९२७ साली स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन शोधले, आणि १९२९ साली ए.टी.पी. ओळखले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यानेही ते स्वतंत्रपणे शोधले. सुब्बाराव यांना नोबेल मिळाले नाही, हार्वर्डमध्ये कायमची जागाही मिळाली नाही. १९४८ साली ते वारले. परंतु आज जगातील कोणत्याही भाषेतले जीवशास्त्राचे पुस्तक ए.टी.पी.शिवाय पुरे होत नाही. तेव्हा ज्यांचा एखाद्या वर्षी निकाल वाईट लागला आहे त्यांनी, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या वडिलांनी, हा इतिहास ध्यानात ठेवावा.

आता जिन्याचा दुसरा भाग. पायरुविक आम्लाचे तुकडे तयार झाले. प्राणवायू हजर असेल तर हे तुकडे पेशीतील तंतुकणिका नावाच्या लहानशा कोठडीत जातात. यकृताच्या एका पेशीत अशा हजार-दोन हजार तंतुकणिका असतात. आणि एक गोष्ट सांगतो, मुलगा असो की मुलगी, तंतुकणिका आपल्याला आईकडूनच मिळतात. आपल्या अंगातली शक्तीची भट्टी ही आईची देणगी आहे.

तंतुकणिकेत हे तुकडे एका चक्रात फिरतात. कार्बन सुटून कर्बवायू होतो आणि तो आपण उच्छ्वासाने बाहेर टाकतो. आत्ता तुम्ही जो श्वास सोडलात, त्यातील कर्बवायूत आजच्या किंवा कालच्या जेवणातला कार्बन आहे. हे चक्र हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली इंग्लंडमध्ये शेफिल्ड येथे शोधले. हे गृहस्थ मूळचे जर्मन. ज्यू असल्यामुळे १९३३ साली त्यांची जर्मनीतील नोकरी गेली आणि ते परक्या देशात आले. कबुतराच्या छातीचे स्नायू घेऊन त्यांनी प्रयोग केले. आपला शोध त्यांनी 'नेचर' या प्रसिद्ध नियतकालिकाकडे पाठविला, तर जागा नाही म्हणून तो परत आला. त्याच शोधासाठी त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

शेवटचा टप्पा समजायला आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला अवघड जाऊ नये, कारण आपण तलावांच्या मुलखात राहतो. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने येथे तलाव बांधले. त्यांना आपण मालगुजारी तलाव म्हणतो. तलावाला पार असते. पारीच्या आत पाणी साठते आणि तुडुमातून ते हिशेबाने बांध्यांत सोडले जाते. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात अगदी हेच घडते. साखरेतून काढलेल्या हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन एका हातातून दुसऱ्या हाती जात प्राणवायूपर्यंत पोहोचतात, आणि जाताना जी शक्ती सुटते तिने हायड्रोजनचे भारित कण पडद्याच्या एका बाजूला उपसून टाकले जातात. पडदा म्हणजे पार, आणि कण म्हणजे साठलेले पाणी. ते परत येऊ पाहतात, पण त्यांना वाट एकच, पडद्यातले तुडुम. त्या तुडुमात एक चक्र बसविलेले आहे. कण आत येतात तसे ते चक्र खरोखरच फिरते आणि प्रत्येक फेऱ्यात तीन ए.टी.पी. तयार होतात. पीटर मिचेल यांनी ही तलावाची कल्पना १९६१ साली मांडली, तेव्हा पुष्कळांनी ती हसण्यावारी नेली. १९७८ साली त्यांना नोबेल मिळाले. चक्राचे काम उलगडणारे बॉयर आणि वॉकर यांना १९९७ साली मिळाले.

हिशेब करू. प्राणवायूशिवाय एका ग्लुकोजमागे दोन ए.टी.पी. प्राणवायूसह सारा जिना उतरल्यावर सुमारे तीस ते बत्तीस. आम्ही शिकत असताना पुस्तकात छत्तीस किंवा अडतीस लिहिलेले असे. पुढे अधिक बारकाईने मोजमाप झाले आणि आकडा उतरला. विज्ञानात वडीलधाऱ्यांचा आकडासुद्धा पुन्हा तपासला जातो, आणि त्यात वडीलधाऱ्यांचा अपमान नसतो. उरलेली शक्ती वाया जाते असे मात्र समजू नका. तिची उष्णता होते, आणि तीच आपले अंग हिवाळ्यातही सदतीस अंशांवर ऊबदार ठेवते.

प्राणवायू कमी पडला तर पेशी काय करते? खमीर अशा वेळी पायरुविक आम्लापासून कर्बवायू आणि अल्कोहोल करते. नान, शिरमाल किंवा खमिरी रोटीचे पीठ फुगते ते या कर्बवायूमुळे, आणि जे थोडे अल्कोहोल होते ते तंदुराच्या आचेत उडून जाते. चैत्राच्या सुमारास आपल्याकडच्या जंगलात मोहाची फुले पडतात. ती साखरेने भरलेली असतात आणि भिजत ठेवली की फसफसू लागतात. त्याचे पुढे काय होते आणि त्यापायी किती घरे बसतात, ते मी सांगायला नको. पण बुडबुडा का येतो, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असावे.

आपले स्नायू अल्कोहोल करीत नाहीत, ते लॅक्टिक आम्ल करतात. शंभर मीटर धावताना रक्तातून प्राणवायू पुरेशा वेगाने येत नाही, तेव्हा स्नायू या दोन ए.टी.पी.च्या तुटपुंज्या कमाईवर वेळ मारून नेतात. तयार झालेले लॅक्टेट रक्तातून यकृतात जाते आणि तेथे त्याचे पुन्हा ग्लुकोज होते. हा फेरा शोधणाऱ्या गर्टी कोरी आणि त्यांचे पती कार्ल कोरी यांना १९४७ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळविणारी ती जगातील पहिली स्त्री. पतीच्या बरोबरीचे काम करूनही तिला वर्षानुवर्षे खालच्या जागेवर राबावे लागले. मुलींनो, हे नाव लिहून घ्या.

आता आपल्या धानाकडे वळू. साकोलीत धानाचे संशोधन करणारे कृषी संशोधन केंद्र आहे आणि साकोलीच्या नावाने धानाचे वाणही निघाले आहेत. शेतकरी बांधवांनो, पाण्याखाली बुडालेला गव्हाचा दाणा कुजतो, पण धानाचा दाणा पाण्याखालीही अंकुर काढतो. असे का? पाण्यात प्राणवायू फार थोडा. धानाच्या दाण्यात अशा स्थितीतही पिष्टाची साखर करणारे विकर तयार होते, आणि तो दाणा खमिराच्या पद्धतीने, दोन-दोन ए.टी.पी.वर दिवस काढतो. मुळे तो नंतर काढतो. आधी कोंब वर ढकलतो आणि हवेचा शोध घेतो. गव्हाला हे साधत नाही.

पण रोवणीनंतर अतिवृष्टी झाली आणि रोप आठ-दहा दिवस पूर्ण बुडाले, तर धानसुद्धा मरते. कारण बुडालेले रोप पाण्याबाहेर येण्यासाठी भराभर उंच वाढू पाहते आणि त्यात साखरेचा सारा साठा उधळून टाकते. ओडिशातील एक जुना वाण मात्र तसे करीत नाही. तो वाढ थांबवितो, साखर राखून ठेवतो आणि पाणी ओसरल्यावर पुन्हा डोके वर काढतो. त्याच्यातील जनुक २००६ साली ओळखले गेले. ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणून 'स्वर्णा-सब १' हा वाण २००९ साली भारतात प्रसारित झाला. तो सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतो. अडचणीच्या काळात हातपाय न मारता साठा जपणे हा एक प्रकारचा उपवासच म्हणायचा. आणि येथून मी माझ्या खऱ्या गोष्टीकडे येतो.

आपण रोजा ठेवतो तेव्हा त्या एका चमच्याचे काय होते? सहरीचे अन्न काही तासांत पचून संपते. परंतु यकृतात सुमारे शंभर ग्रॅम ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपाने साठविलेले असते. रक्तातील साखर उतरू लागली की इन्शुलिन कमी होते, ग्लुकागॉन वाढते आणि यकृत आपले कोठार उघडते. स्नायू हळूहळू चरबीवर काम भागवितात, आणि साखर राखली जाते ती मेंदूसाठी. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्के, पण तो शक्ती खातो वीस टक्के. त्याला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागते. लांब उपवासात तो दुसऱ्या इंधनाची सवय करून घेतो, पण साखर अचानक उतरली तर त्याला तेवढी उसंत मिळत नाही. निरोगी माणसाच्या शरीरात ही व्यवस्था इतकी चोख आहे की तो संध्याकाळपर्यंत सुखाने रोजा पुरा करतो.

२०१९ चा रमजान मे महिन्यात आला होता. विदर्भातला मे, आणि साडेचौदा तासांचा रोजा. माझी अम्मी तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. तिला बारा वर्षांपासून मधुमेह होता. मधुमेहात रक्तात साखर पुष्कळ असते, पण इन्शुलिन कमी पडते किंवा त्याचा हुकूम चालत नाही, म्हणून ती स्नायूंच्या पेशीत शिरत नाही. भरल्या बाजारात माणूस उपाशी, तशी स्थिती. अम्मी साखर कमी करणारी गोळी घेत असे. रोजे ठेवण्यापूर्वी आम्ही डॉक्टरांना विचारले नाही. ही चूक माझी, कारण घरात विज्ञानाचा मास्तर मी होतो. त्या दिवशी सहरीला तिने अर्धी पोळी आणि बिनसाखरेचा चहा घेतला, आणि गोळी मात्र नेहमीचीच घेतली.

असरच्या सुमारास ती खाटेवर बसून काहीबाही बोलू लागली. मला ती माझ्या वारलेल्या मामाच्या नावाने हाक मारू लागली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. शेजारची मंडळी जमली. कोणी म्हणाले ऊन लागले, कांदा आणा. कोणी म्हणाले नजर लागली. मी गोंधळून नाडी पाहत होतो. तेवढ्यात माझ्या भावाची मुलगी, दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी, पुढे आली आणि म्हणाली, "बडे अब्बा, दादीची साखर उतरली आहे. मेंदूला ग्लुकोज मिळत नाही. घोट घेता येतो आहे तोवर साखरेचे पाणी देऊ या."

क्षणभर कोणीच हलले नाही. रोजा तोडायचा कसा, हा प्रश्न प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता. त्या मुलीने कोणाच्या उत्तराची वाट पाहिली नाही. तीन चमचे साखर पेलाभर पाण्यात ढवळली आणि घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांत अम्मीने डोळे नीट उघडले आणि विचारले, "इतकी माणसे का जमली?" मग आम्ही तिला दवाखान्यात नेले. साखर देऊनही तेथे तपासणीत ६८ निघाली, आणि डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतले.

असे का झाले? गोळी शरीराला इन्शुलिन सोडायला भाग पाडते, मग पोटात अन्न असो वा नसो. इन्शुलिन असेतोवर यकृताचे कोठार उघडत नाही. एकीकडे कोठाराला कुलूप आणि दुसरीकडे चमच्यातून गळती. चमचा रिकामा झाला आणि पहिला उपाशी पडला तो मेंदू.

घरी आल्यावर अम्मी रडत होती. तिला आजाराचे दुःख नव्हते, रोजा तुटल्याचे होते. आमच्या मशिदीचे इमामसाहेब स्वतः घरी आले आणि त्यांनी तिला समजाविले की आजारी माणसाला सवलत धर्मानेच दिलेली आहे आणि ती नाकारून जीव धोक्यात घालणे ही इबादत नव्हे. तेव्हा ती शांत झाली.

पालक मंडळी, या गोष्टीतून काही साध्या सूचना घरी घेऊन जा. घरात मधुमेहाचा रुग्ण असेल तर रमजानच्या महिना-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. गोळीचे किंवा इन्शुलिनचे प्रमाण आणि वेळ ते बदलून देतील, किंवा रोजा ठेवू नका असे सांगतील. तेही ऐकावे. बोटाला सुई टोचून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे, म्हणून तपासायला कचरू नका. साखर ७० च्या खाली गेली, किंवा घाम, कापरे, बरळणे दिसले, तर संध्याकाळची वाट पाहू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, तडक दवाखाना गाठा. आणि थोडे बरे वाटले म्हणून घरी थांबू नका, कारण गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

आणखी एक. आपल्या तांबड्या रक्तपेशी साऱ्या शरीराला प्राणवायू वाहून नेतात, पण त्यांच्या स्वतःच्या पोटात तंतुकणिका नाहीत. त्या केवळ ग्लुकोज-विघटनाच्या दोन ए.टी.पी.वर सुमारे १२० दिवस हमाली करतात. आपल्या पूर्व विदर्भात या पेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा सिकलसेल हा आनुवंशिक आजार पुष्कळ घरांत आहे. तो कोणा एका जातीचा किंवा धर्माचा नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते. लग्न जुळविताना आपण मेहर विचारतो, घराणे विचारतो, त्याचबरोबर दोघांचीही एक साधी रक्ततपासणी करून घ्यावी. त्यात कमीपणा नाही.

आता त्या मुलीविषयी सांगून संपवितो. आमच्या घरात असे ठरले होते की दहावीचा निकाल लागला की तिचे शिक्षण थांबवायचे. कॉलेजला रोज जायचे-यायचे, लोक काय म्हणतील, हे नेहमीचेच. मी घरातला शिकलेला माणूस, पण मीही त्या ठरावाला मान डोलाविली होती. हे मी येथे सर्वांसमोर कबूल करतो. दवाखान्यातून परत आल्यावर मी तिला विचारले, "तुला हे कसे सुचले?" ती म्हणाली, "बडे अब्बा, आमच्या पुस्तकात आहे ना. दुसऱ्या भागात, सजीवांतील जीवनप्रक्रिया. पेपरला ते येईल म्हणून पाठ केले होते."

पेपरसाठी पाठ केलेल्या एका धड्याने तिची दादी वाचली. त्या रात्री इफ्तारनंतर माझ्या भावाने कोणाशी काही चर्चा केली नाही. निकाल लागला त्या आठवड्यात तो स्वतः तिच्याबरोबर अकरावी विज्ञानाचा फॉर्म भरायला गेला. आज ती नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून रुग्णसेवा करते. अम्मी त्यानंतर चार वर्षे जगली, आणि रोजच्या सुईसाठी तिला दुसऱ्या कोणाचा हात चालत नसे.

मित्रांनो, आपल्या रक्तात एक चमचा साखर असते. ती असेपर्यंत आपल्याला तिची आठवण नसते. घरातल्या शिकत्या मुलीचेही तसेच आहे. आज येथून घरी गेल्यावर आपापल्या मुलामुलींना शेजारी बसवा आणि एवढेच विचारा, की बाळा, आज शाळेत काय शिकलास, मला समजावून सांग. समजले नाही तरी ऐकून घ्या.